नऊ माणसे आणि एक बोट

जुहूला समुद्राकाठच्या एका बंगल्यात आमच्या वस्तीतील एक वहिनी गेली अकरा वर्षे पोळीभाजीचे काम करतात. मध्यंतरी त्यांच्या मालकीणबाई सहकुटुंब विलायतेला जाऊन आल्या. आल्यावर त्यांनी वहिनींना फोनवर फोटो दाखवले. एक अरुंद, लांबलचक, हिरव्या-तांबड्या रंगाची होडी. छपरावर फुलांच्या कुंड्या. मागच्या टोकाला साहेब सुकाणू धरून उभे, आणि आत एवढ्याशा मोरीपाशी बाई स्वतः भांडी घासताहेत.

रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर वहिनींनी मला गाठले. ‘भाऊजी, एवढे पैसे मोजून ही माणसं भांडी घासायला कशाला गेली हो?’ सगळे हसले. मग त्या जरा थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘पण पाणी काय छान होतं. आपल्याला नाही का जाता येत असं, पोराबाळांना घेऊन?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. त्या होडीला नॅरोबोट म्हणतात. रेल्वे येण्याच्या आधी इंग्लंडात कोळसा, चिनीमाती, धान्य असा माल कालव्यांतून जाई. मँचेस्टरला कोळसा पोचवणारा ब्रिजवॉटर कालवा १७६१ साली सुरू झाला आणि पुढे देशभर कालव्यांचे जाळे विणले गेले. चढउताराच्या जागी होडी वरखाली करण्यासाठी दरवाजांचे हौद बांधले, ते जेमतेम सात फूट रुंद. म्हणून होड्याही तेवढ्याच अरुंद, लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत. काठावरून घोडा होडी ओढी. पुढे पुढे नावाड्याची बायको आणि पोरेही होडीच्या शेपटाकडच्या खोपटात राहू लागली. होडी आज या गावी, उद्या त्या गावी, त्यामुळे पोरांना शाळा नाही. आता मालवाहतूक संपली आणि त्याच घाटाच्या होड्या सुट्टीसाठी भाड्याने मिळतात. सुकाणू आपण धरायचे, हौदाचे दरवाजे आपण उघडायचे, स्वयंपाक आपण करायचा. वेगाची मर्यादा तासाला चार मैल, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाइतकी. मजुराचे बिऱ्हाड होते ते साहेबाचे सुट्टीचे ठिकाण झाले. आपल्या दहा बाय दहाच्या खोल्यांतही उद्या कोणी पैसे देऊन आठवडाभर राहायला येईल, सांगता येत नाही!

दुसऱ्या प्रश्नाला मात्र मला चार महिने लागले. आज त्याचाच हिशेब वाचकांपुढे मांडतो आहे, कारण असा प्रश्न वहिनींसारखा इतरही घरांत पडत असेल आणि ‘आपल्याला कुठं परवडतंय’ म्हणून तिथेच विरत असेल.

महाराष्ट्रात कालवा म्हटला की तो शेतीचा. नीरेचा म्हणा, मुठेचा म्हणा, त्यात उसाला पाणी जाते, उतारू जात नाहीत. होडीतून फिरायला खाड्या आहेत, धरणांचे जलाशय आहेत, पण कालव्यातून गावोगाव हिंडायचे तर केरळ गाठावे लागते. आमच्या कार्यालयात माझ्या शेजारच्या टेबलावर एक केरळी सद्‌गृहस्थ बसतात. त्यांचे गाव कुट्टनाड भागात, आलप्पुळा जिल्ह्यात. आलप्पुळा म्हणजे नकाशावरचे जुने अलेप्पी. मी त्यांना बोटीचे विचारले तर त्यांना माझ्या प्रश्नाचेच नवल वाटले. ‘आम्ही शाळेत बोटीनेच जात होतो,’ ते म्हणाले. ‘तुमची बेस्टची बस, तशी आमची बोट.’

ही बोट केरळ सरकारच्या जलवाहतूक खात्याची. खाते १९६८ पासून आहे, मुख्य कचेरी आलप्पुळ्यातच. लांबट बोट, दोन्ही बाजूंना उघड्या खिडक्या, बाके, मध्ये धडधडणारे इंजिन. दर थोड्या अंतरावर धक्का. शाळेची मुले चढतात, परिचारिका चढतात, कोणी तांदळाची गोणी चढवतो. आलप्पुळ्याहून कोट्टायमला ही बोट सुमारे अडीच तासांत जाते. वाटेत अरुंद कालवे, मग वेंबनाड तळ्याचे मोठे पाणी, मग परत कालवे. तिकीट आपल्या साध्या एस.टी.च्या तिकिटासारखे, खिशाला कळतही नाही. (कधी वाटेतल्या पुलाच्या कामामुळे बोट कोट्टायमच्या अलीकडे कांजीरमपर्यंतच जाते. आधी धक्क्यावर विचारून घ्यावे.) कोल्लमपासून उत्तरेला कोट्टपुरमपर्यंत १६८ किलोमीटरचा हा किनारा-कालवा १९९३ साली राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ३ म्हणून जाहीर झाला. म्हणजे हा सरकारी रस्ता आहे, फक्त पाण्याचा.

जाहिरातीत दिसते ती हाउसबोट निराळी. मूळची ती केट्टुवळ्ळम, भाताची वाहतूक करणारी होडी. केट्टु म्हणजे बांधणे, वळ्ळम म्हणजे होडी. फणसाच्या जातीच्या आंजिली झाडाच्या फळ्या काथ्याने शिवून ती बांधत, खिळा मारीत नसत. रस्ते झाले, ट्रक आले, होड्या काठाला पडल्या. १९९० च्या दशकापासून त्यांच्यावर खोल्या बांधून पाहुण्यांना भाड्याने देऊ लागले. म्हणजे इथेही विलायतेचीच गोष्ट.

आमच्या सहकाऱ्यांनी एका हाउसबोटवाल्याला फोन लावून दिला. आमच्या पाच माणसांचा एका रात्रीचा भाव त्याने सांगितला तो आमच्या जाण्यायेण्याच्या रेल्वे तिकिटांपेक्षा जास्त होता. तरीही ज्यांना घ्यायची असेल त्यांनी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. बोट साधारण दुपारी बाराला मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सोडावी लागते, म्हणजे ‘एक दिवस’ चोवीस तासांचा नसतो. संध्याकाळी साडेपाच-सहानंतर बोट काठाला बांधून ठेवतात, कारण रात्री कोळ्यांची जाळी पडलेली असतात. वातानुकूलन बहुधा फक्त रात्रीपुरते चालते. आणि मोठी हाउसबोट खऱ्या अरुंद कालव्यात शिरूच शकत नाही. तिथे जायला लहान होडी करावी लागते, ती तासावर मिळते. तेव्हा आम्ही ठरवले, दिवसा सरकारी बोट, एक सकाळ वल्ह्याची लहान होडी आणि रात्री धक्क्याजवळ साध्या लॉजमध्ये मुक्काम. वहिनींचे कुटुंब चार माणसांचे, आमचे पाच. दोघांनी मिळून खर्च वाटला तर लहान होडीही जड जात नाही.

पैशांबद्दल मोकळेपणाने लिहितो, कारण नेमके इथेच आपले बेत मोडतात. मी बी.कॉम. आहे, वहीत आडव्या-उभ्या रेघा मारल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमच्या घरातून महिना दीड हजार बाजूला टाकायचे ठरले. चौदा महिन्यांत एकवीस हजार होतात. वहिनींनी महिला मंडळाच्या भिशीत आपला नंबर पुढच्या डिसेंबरचा मागून घेतला. आमच्या कार्यालयात रजा प्रवास सवलत आहे, पण ती प्रत्येकाच्या नोकरीत नसते, म्हणून हिशेब सवलत सोडूनच मांडला. रेल्वेतील ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा आईचे तिकीट पूर्ण धरले. गाडी नेत्रावती एक्सप्रेस. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सकाळी उशिरा सुटते, कोकण रेल्वेने जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आलप्पुळ्याला उतरवते. म्हणजे येताजाताच्या दोन रात्री गाडीत, लॉजचे भाडे वाचले. आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडते, पूर्वीसारखे एकशेवीस नाही. जानेवारीचा महिना धरला आहे. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत तिकडे दोन पाऊस पडतात, मुले घेऊन त्या दिवसांत जाऊ नये.

सारे जमले असे वाटले तेव्हा घरात दोन माणसांनी नकार दिला.

एक माझी पत्नी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे वाचकांना आठवत असेल. इर्ल्याचा नाला फुगून वस्तीत शिरला तेव्हा मी फोर्टात अडकलो होतो. घरात ती आणि आमची थोरली, तेव्हा सव्वा वर्षाची. पाणी छातीला लागले. शेजारच्या पोरांनी थोरलीला कपडे धुण्याच्या टबात बसवले आणि टब ढकलत ढकलत पक्क्या इमारतीच्या जिन्यावर नेला. पत्नी टबाची कड धरून चालत होती. मी दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी पोचलो, तेव्हाही तिच्या हाताची मूठ सुटत नव्हती. त्या दिवसापासून तिने पाण्यावर पाऊल टाकलेले नाही. गेटवेला सहल गेली तरी ती धक्क्यावरच बसते. थोरली आता एकवीस वर्षांची आहे, ती हसत म्हणते, ‘माझी पहिली बोट पाच नंबरचा टब!’ पत्नी हसत नाही.

दुसरी माझी आई. तिचे माहेर दाभोळच्या खाडीकडे. लग्न होऊन मुंबईला आली ती आगबोटीने, डेकवर चटई टाकून, भाऊच्या धक्क्यावर. तिच्या आईने तिला एकच गोष्ट शंभरदा सांगितलेली, रामदास बोटीची. १७ जुलै १९४७, मुंबईहून रेवसला निघालेली बोट, अवसेचा दिवस, गटारीला घरी जाणारी माणसे, खच्चून भरलेली, आणि काशाच्या खडकाजवळ कलंडून गेली. सहाशेंहून जास्त माणसे बुडाली. ‘त्या बोटीत आमच्या गावचे पण होते,’ आई म्हणते. ‘पाण्याला जातपात नसते, तसा त्याला इमान पण नसतो.’

मी वाद घातला नाही, कारण दोघींचे भय खोटे नाही. केरळच्या पाण्यानेही माणसे घेतली आहेत. २७ जुलै २००२ च्या सकाळी मुहम्माहून कुमरकोमला जाणारी सरकारी बोट वेंबनाडमध्ये बुडाली, २९ जण गेले. त्यात बरीच नोकरीच्या परीक्षेला निघालेली मुले होती, आपल्या घरांतल्यासारखीच. ७ मे २०२३ रोजी तानूरला काळोख पडल्यावर निघालेली, जास्त माणसे भरलेली खासगी बोट उलटली, २२ जण बुडाले. आणि आपल्या दारात १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीच्या लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली, त्यात १५ जीव गेले. या घटना एकाखाली एक वहीत लिहिल्या तेव्हा माझ्या ध्यानात आले की वादळाने बुडालेली बोट त्यात क्वचितच आहे. जादा माणसे, जुनी बोट, अवेळ आणि माळ्यावर बांधून ठेवलेली लाइफ जॅकेटे, हीच कारणे फिरून फिरून येतात. यातल्या निम्म्या गोष्टी धक्क्यावर उभे राहून डोळ्यांनी दिसतात. म्हणून आमच्या वहीत पैशांच्या पानाआधी एक पान घातले आहे. बोटीवर किती माणसांची परवानगी आहे ते लिहिलेले असते, ते वाचायचे. भरलेली दिसली तर सोडून द्यायची, पुढची येईल. सूर्य मावळल्यावर चढायचे नाही. फोटोसाठी सगळ्यांनी एका बाजूला धावायचे नाही. जॅकेट मागून घ्यायचे आणि बक्कल लावून घालायचे, मांडीवर ठेवायचे नाही. लहान मुलांच्या मापाचे आहे का ते विचारायचे, नसेल तर तसे तोंडावर सांगायचे. ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्याच्या होडीत बसायचे नाही.

आमच्या केरळी सहकाऱ्यांनी पत्नीला एक गोष्ट सांगितली, ती माझ्या वहीपेक्षा जास्त लागू पडली. ऑगस्ट २०१८ च्या महापुरात कुट्टनाड बुडाले. सगळा मुलूख जवळजवळ रिकामा करावा लागला. तेव्हा याच सरकारी बोटींनी घराघरांतून माणसे काढून आलप्पुळा शहरात आणली. त्यांच्या म्हाताऱ्या आईलाही तशीच आणली, खुर्चीसकट. पत्नीने एवढेच विचारले, ‘म्हणजे बोट आली होती?’ २६ जुलैला आमच्याकडे कोणी आले नव्हते, टब होता.

आता वाटेवर काय बघायचे ते सांगतो. हे मला आधी ठाऊक नव्हते. मी पाणी आणि नारळ बघायला निघालो होतो.

आलप्पुळ्याच्या दक्षिणेला अंबलप्पुळा गाव आहे. तिथून तिरुवल्ल्याच्या रस्त्याने तीनेक किलोमीटरवर करुमाडी. कालव्याच्या काठी काळ्या पाषाणाची बुद्धाची बैठी मूर्ती आहे, सुमारे तीन फूट उंच. मूर्ती अर्धी आहे, एक बाजू तुटून गेली आहे. ती नवव्या ते अकराव्या शतकातली असावी असे मानतात. ती कितीतरी काळ पाण्यात पडून होती. कोची बंदर बांधणारे इंग्रज अभियंता रॉबर्ट ब्रिस्टो यांनी १९३० च्या दशकात ती नीट ठेवण्याची व्यवस्था केली. १९६५ साली दलाई लामा तिथे जाऊन आले. गावचे लोक तिला ‘करुमाडीकुट्टन’ म्हणतात. कुट्टन म्हणजे पोरगा, आपण लाडाने बाळ्या म्हणतो तसे. आमच्या आईला हे ऐकून फार बरे वाटले. ‘अर्धा राहिला तरी पोरगाच म्हणतात ना, मग झालं,’ ती म्हणाली. बुद्धाला अशा नावाने हाक मारणारे गाव मला तरी दुसरे ठाऊक नाही.

त्याच किनाऱ्याने आणखी दक्षिणेला पल्लना नावाची जागा आहे. १६ जानेवारी १९२४ च्या रात्री कोल्लमहून आलप्पुळ्याला येणारी ‘रिडीमर’ नावाची बोट तिथे बुडाली. तीतही मर्यादेपेक्षा जास्त माणसे होती. त्यात मल्याळमचे मोठे कवी कुमारन आशान गेले. आशान हे नारायण गुरूंचे शिष्य, १९०३ साली स्थापन झालेल्या श्री नारायण धर्म परिपालन योगमचे पहिले चिटणीस. मृत्यूच्या थोडेच आधी, १९२२ साली, त्यांनी ‘चंडालभिक्षुकी’ हे काव्य लिहिले. विहिरीवर पाणी भरणाऱ्या चांडाळ मुलीकडे तहानलेला भिक्खू आनंद पाणी मागतो आणि ती बिचकते, ती कथा. आपण ती ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात प्रकृतीच्या धम्मदीक्षेच्या प्रकरणात वाचली आहे. चवदार तळ्याच्या आधी पाच वर्षे तिकडे एक माणूस पाणी मागण्या-देण्यावर काव्य लिहितो आणि पाण्यातच जातो. पल्लनाला त्यांचे स्मारक आहे. आम्ही एक दुपार तिथे देणार आहोत.

आणि ज्या शेतांमधून बोट जाते ती शेतेही बघावीत. कुट्टनाडची भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे, काही ठिकाणी दोन मीटरपेक्षाही खोल. कालव्यातली बोट वर आणि शेजारचे शेत खाली, असे उलटे दृश्य दिसते. चिखल, बांबू, नारळाचे खुंट आणि झावळ्या घालून तळ्यात बांध उभारले आणि आतले पाणी उपसून काढले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली या शेतीला जागतिक वारसा म्हणून मान दिला. जमिनी मोठ्या जमीनदारांच्या नावावर झाल्या. पाण्यात छातीपर्यंत उभे राहून चिखलाचे गोळे लावणारे हात मुख्यतः पुलया मजुरांचे होते, ज्यांना त्या काळी सार्वजनिक रस्त्यावर चालायची बंदी होती. त्यांच्यातलेच अय्यंकाली १८९३ साली बैलगाडी विकत घेऊन, पांढरेशुभ्र कपडे घालून बंदी असलेल्या रस्त्यावरून गेले. सहल म्हणून सहज वाहनात बसावे, ही गोष्टही कोणाला तरी मार खाऊन मिळवावी लागली आहे.

शेवटच्या दिवशी वैकोम. देवळाभोवतीचे रस्ते सगळ्यांना खुले व्हावेत म्हणून ३० मार्च १९२४ ला तिथे सत्याग्रह सुरू झाला, तो वीस महिने चालला. पेरियार रामस्वामी तिथे तुरुंगात गेले. आज वैकोमच्या धक्क्यावरून ‘आदित्य’ नावाची सरकारी बोट सुटते, ती पलीकडच्या तवणक्कडवला जाते. पंचाहत्तर उतारूंची, जानेवारी २०१७ पासून चालणारी, सूर्यप्रकाशावर चालणारी देशातली पहिली फेरीबोट. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. आमच्या धाकट्याला साऱ्या सहलीत एवढ्याच गोष्टीत रस आहे. तो नववीत आहे आणि बॅटरी किती किलोवॅटची हे त्याला कोणी सांगितले नाही म्हणून माझ्यावर रागावलेला आहे.

एक सूचना जाता जाता. कुट्टनाडात चोहीकडे पाणी असूनही पिण्याच्या पाण्याचे हाल आहेत. हाउसबोटींची घाण आणि तेल त्याच पाण्यात जाते. लोक हंडे भरून होडीतून घरी नेतात. नळावर रांगा लावलेल्या आपल्या बायांना हे वेगळे सांगायला नको. तेव्हा चिवड्याच्या पिशव्या घरून नेल्या तर रिकाम्या पिशव्याही घरी आणाव्यात. शिदोरी मात्र जरूर न्यावी, बोटीवर खायला मिळत नाही. पोरांना धक्क्यावरच लघवीला जाऊन यायला सांगावे. उलटीची सवय असेल त्याने इंजिनाजवळ बसू नये.

गेल्या महिन्यात आम्ही रंगीत तालीम केली. एका रविवारी सगळे नऊ जण बोरिवलीच्या धक्क्यावरून गोराईला गेलो, विपश्यना पॅगोडा बघून आलो. पंधरा मिनिटांची खाडी. पहिली बोट भरलेली होती, ती आम्ही सोडली. मागचे लोक आम्हाला हसले. दुसरीत जॅकेटे मागितली तर माणसाने बाकाखालून धूळ झटकून काढून दिली, दोघांच्या बकला तुटलेल्या. बदलून मागितली, मिळाली. आई चढताच तांडेलाला म्हणाली, ‘काय रे, भरती की ओहोटी?’ त्याने उत्तर दिल्यावर तिने मान हलवली, जणू परवानगी दिली. मी तिला सांगितले की केरळच्या सरकारी बोटीवरही सारंग असतो, त्याच नावाचा. ‘मग सांगायचं ना आधी,’ ती म्हणाली.

पत्नी जाताना मधोमध बसली, डोळे मिटून, थोरलीचा दंड धरून. येताना ती काठाला बसली. पाण्याकडे पाहिले नाही, पण काठाला बसली. दंडावरचे वळ थोरलीने संध्याकाळी मला दाखवले.

आता अडले आहे ते वहिनींचे. मला हक्काची रजा आहे, त्यांना नाही. महाराष्ट्रात घरकामगारांसाठी २००८ चा कायदा आहे, कल्याण मंडळ आहे. नोंदणी होते, काही मदत मिळते. पण वर्षातून आठ दिवस भरपगारी रजा, ही गोष्ट अजूनही मालकीणबाईंच्या मर्जीवरच. आमच्या वस्तीत आठ दिवस गावी गेलेल्या दोन बायांची कामे परत आल्यावर दुसऱ्यांना दिलेली होती. वहिनींनी त्यामुळे आपल्या जागी आठ दिवस काम करायला नणंदेला तयार केले, तिचा पगार स्वतः द्यायचे ठरवले आणि तो खर्चही भिशीच्या हिशेबात लिहिला. माझ्या वहीत तो रकाना नव्हता.

नोव्हेंबरातल्या साठाव्या दिवशी सकाळी मी रिझर्वेशनच्या खिडकीवर रांगेत असेन. नऊ नावांना दोन फॉर्म लागतील, एकावर सहाच नावे बसतात. आईचे नाव पहिल्यावर, खालचा बर्थ लिहून. वहिनींचे नाव लिहू की नको हे परवापर्यंत ठरले नव्हते.

परवा वहिनी सांगत होत्या. पोळ्या झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि विषय काढला. बाई म्हणाल्या, ‘आठ दिवस? लग्न आहे का कोणाचं गावी?’

‘नाही,’ वहिनी म्हणाल्या, ‘बोटीवर जायचंय. तुम्ही गेला होतात ना, तसं.’

बाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, ‘कोणाबरोबर?’ आणि वहिनी नऊ जणांची नावे सांगू लागल्या.